चौथा काळा चौकोन

शाळेच्या कचेरीत मी बावीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासले. कुणी रकाना रिकामा सोडला की कागद खिडकीतून परत सरकवायचे आणि वर टोमणा मारायचे, "वडिलांचं नाव घरी विसरून आलात का?" अशी मी काटेकोर. आणि आमच्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, एका कागदावर धडधडीत खोटं लिहिलं गेलं, तेव्हा मी बशीतल्या बिस्किटांकडे बघत बसले होते. माझ्या भावाची गोष्ट त्या कागदापाशी येऊन अडते. पण आधी तो माणूस म्हणून कसा होता ते सांगते.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दगडाच्या लाद्या कापायच्या कारखान्यात तो कडा घासायचा. पुढच्या मोठ्या शेडमध्ये कापायच्या मशीन होत्या, त्यांच्यावर सतत पाणी पडत असायचं, माणसं गुडघाभर चिखलात गमबूट घालून उभी. दादा तिथे नसायचा. तो मागच्या खोलीत. तिथे कडा हाताने घासायच्या, घासकागदाने, आणि कोरड्याच. ओल्या दगडावर सगळंच चकाकतं, बारीक ओरखडा लपून जातो. "ओला दगड खोटं बोलतो," असं आमचे आजोबा म्हणायचे. खोलीला एकच खिडकी, तीही बंद, कारण उघडली की भुकटी उडून अंगणातल्या तयार लाद्यांवर बसायची आणि मालक बोंब ठोकायचे.

ती खोली आमच्या घराण्याची. आधी आजोबा, मग बाबा, मग काका, मग दादा. लोक मुलाच्या नावावर घर करतात, आमच्याकडे तो लाकडी बाक दिला जायचा. चाळीस माणसांच्या कारखान्यात मागच्या खोलीत बसणारे दोघं-तिघंच, आणि त्यांत एक कायम आमचा; बाकीचे वर्षा-दोन वर्षांत काम बदलून जायचे. दादा डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचा आणि जिथे थांबायचा तिथे ओरखडा असायचाच. सगळे त्याला 'आरसा' म्हणायचे. घासून घासून त्याच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्या होत्या. सरकारी कचेरीत ठशाच्या मशीनने त्याला पाच वेळा नाकारलं, तेव्हा तिथल्या बाईंना म्हणाला, "लिहा, हा माणूस कुणाचाच नाही." आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच मोठ्याने हसले, कारण मला ठाऊक होतं.

आईला लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं. मग ती तिच्या बहिणीकडे महिनाभर राहायला गेली आणि दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली. लगेच घर बदललं, नव्या गल्लीत कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. पुढे मी झाले. मी चौदा वर्षांची असताना मावशीच्या तोंडून निसटलं, "तुझ्या दादाचा पायगुण, म्हणून तू आलीस." आईने मला स्वयंपाकघरात ओढत नेलं. "माझी गळ्याशपथ आहे. त्याच्यापाशी ब्र काढलास तर मी तुझी कुणी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी मूठ झाकून ठेवली. एवढी घट्ट, की पुढे उघडायची म्हटली तर बोटं हलेनात.

गंमत म्हणजे लोकांना दादा हुबेहूब बाबांसारखा दिसायचा. तसंच खांदे पाडून चालणं, चहाच्या पहिल्या घोटाला तसंच डोळे मिटणं. खोकलाही तसाच, दोन छोटे आणि एक लांब. दादाला त्याचा अभिमान होता. आजोबा बावन्नाव्या वर्षी गेले, बाबा सत्तेचाळिसाव्या, काका पंचेचाळिसाव्या, तिघंही छाती भरून, श्वासासाठी उशा रचून. दादाला तो खोकला तिशीतच लागला. कारखान्यात म्हणायचे, "खाण तशी माती." दादा हसून मान डोलवायचा.

त्या सुमारास त्याचं एका मुलीशी जमलं होतं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात ती मागे बसून भिंगं घासायची. आमच्या घरात तिचं नावच चष्मेवाली पडलं. पहिल्यांदा घरी आली, दादाच्या पापण्यांवरची पांढरी भुकटी बघितली आणि म्हणाली, "आम्ही इवलीशी काच घासतो तीसुद्धा पाण्याखाली. तुम्ही एवढा दगड कोरडा घासता?" दादा म्हणाला, "तुमची काच खरं बोलते, आमचा दगड बोलत नाही." आई हसली, मी हसले. सगळ्यांत शहाणं वाक्य त्या दिवशी चहाबरोबर पिऊन टाकलं आम्ही.

तारीख ठरायची होती, तेवढ्यात छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या. तरुण, तळमळीच्या. काका वारला तोही त्यांच्याच दवाखान्यात. त्यांना एक कोडं पडलं होतं: एकाच कारखान्यात, एकाच दगडावर चाळीस माणसं काम करतात, मग याच घरातले पुरुष इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी का जातात? त्यांनी टेबलावर मोठा कागद पसरला आणि पेन्सिलीने आमचं घराणं काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजारी असेल तो काळा. बघता बघता तीन चौकोन काळे झाले.

"तुम्ही मशीनवर असता?" त्यांनी दादाला विचारलं.

दादा जरा दुखावलाच. "छे हो. मशीनवरचं काम राड्याचं. माझं हाताचं, नाजूक काम. मी मागे, आत बसतो."

बाईंनी लिहून घेतलं: मशीनपासून दूर. मला आत्ता वाटतं, दादाने त्याचं कौतुक सांगितलं आणि बाईंनी त्याची सुटका ऐकली. मागची खोली बघायला कुणी गेलं नाही. तिच्यात धूळ होती असं आमच्या मनातही आलं नाही, तिच्यात आमचा मान होता.

मग बाईंनी बाबांच्या चौकोनाखाली रेघ ओढली आणि आईला विचारलं, "हा मुलगा तुमचाच ना? सख्खा?"

दादा आईच्या खुर्चीमागे चहाचा ट्रे घेऊन उभा होता. आईने पापणीही हलवली नाही. "माझ्या पोटचा."

पेन्सिलीने चौथा चौकोन काळा झाला. आणि मी बिस्किटं मोजली. सात होती.

दोन महिन्यांनी अहवाल आला. धूळ वाईट आहेच, पण या कुटुंबात आजार फार लवकर होतो, तेव्हा तो रक्तातून येत असण्याची शक्यता आहे, आणखी तपास हवा. मालकांनी त्यातली 'शक्यता' गाळली, 'तपास' गाळला आणि उरलेलं सगळ्या कारखान्याला ऐकवलं. काका गेल्यावर मागच्या खोलीसाठी म्हणून हवा ओढणारा पंखा आणला होता, तो खोक्यातच पडून होता. तो मग मालकांच्या कचेरीच्या संडासात बसला.

दादाने चष्मेवालीला लग्नाला नकार दिला. "लेकरांच्या रक्तात हे कशाला घालायचं?" एवढंच घरी बोलला. आणि काम सोडण्याचा विषय तर संपलाच. मी नवी नोकरी शोधून आणली होती, शाळेच्या भांडारात, बसून करायची. तो म्हणाला, "अगं, रक्त काय कारखान्यात ठेवून येणार आहे का मी?"

त्या दिवशी मी आईशी भांडले. "सांग त्याला. त्याच्या अंगात बाबांच्या रक्ताचा थेंब नाही. तरी तो खोकतो, म्हणजे खोकला दुसरीकडून येतोय. एवढं कळलं तर तो सुटेल."

आई भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. "तो सुटेल, आणि मी? 'तू माझी आई नाहीस' अशा नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं तर मी कुठे जाऊ? मी मेल्यावर सांग."

आई आणखी सात वर्षं जगली. ती सात वर्षं मी तिच्या खात्यावर घालून मोकळी व्हायचे. पण ती गेल्यावरही मी वर्षाहून जास्त काळ तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, ते कुणाच्या शपथेने? खरं सांगते. आई-बाबा गेले होते, मला माणूस म्हणून तो एकटा उरला होता. सांगितलं आणि तो उठून चालता झाला तर, ही भीती. आईचा स्वार्थ मला लख्ख दिसला होता, माझा दिसायला चौदा महिने लागले.

चाळिशीला टेकायच्या आत दादा दवाखान्यात पडला. नाकाला नळी, पाठीशी चार उशा. डॉक्टरबाई त्याच होत्या, केसांत आता एक पांढरी बट. मी त्यांना जिन्याच्या कोपऱ्यात गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. मागच्या खोलीचंही.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "रक्ताचं काहीच नसतं असं नाही हो. दोघं एकाच धुळीत उभे राहतात, एकाला लवकर लागते. मी तेच शोधत होते. पण त्या घरात बाहेरून आलेला एक माणूसही तसाच आजारी आहे, एवढं कळलं असतं, तर मी रक्त सोडून तुमची बसायची जागा बघायला गेले असते." मग पायरीवरून उठत, "जायला तसंही हवंच होतं. कागदावर वंश काढता येतो, खोली काढायला मला सुचलंच नाही."

दुपारी मी दादाच्या खाटेवर बसले आणि सांगितलं. शाळेतल्या पोरीसारखं, पाठ केलेलं, एका दमात.

तो खूप वेळ स्वतःचा गुळगुळीत अंगठा बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मला लेकरं चालली असती."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "थांब गं. ऐक. चष्मेवाली म्हणाली होती, रक्ताची भीती वाटते ना, मग एखादं मूल आणू, वाढवू. ठाऊक आहे मी काय म्हणालो? म्हटलं, आणलेलं ते आणलेलंच, आपलं थोडंच होतं." आणि हसायला लागला. दोन छोटे आणि एक लांब, त्यातच हसू गेलं. नर्स धावत आली.

चष्मेवालीचं तोवर लग्न झालं होतं, दोन मुलं होती. तिला कळवू का विचारलं, तर म्हणाला, "आता कशाला तिच्या डोळ्यात दगडाची भुकटी?"

चार दिवसांनी डॉक्टरबाई तो जुना कागद घेऊन आल्या. रेघ दुरुस्त करायची तर दादाची परवानगी हवी होती. आणलेलं मूल असेल तर रेघ तुटक काढतात, असं त्यांनी समजावलं. दादाने कागद जवळ धरला, बाबांच्या चौकोनावरून अंगठा फिरवला, मग स्वतःच्या.

"करा तुटक," म्हणाला. "आणि मागच्या खोलीत आता जे दोघं बसतात त्यांना हा कागद दाखवा. पोरंबाळं आहेत त्यांना." मग माझ्या गोलाकडे बोट केलं. "पण माझा चौकोन हलवू नका. हिच्या शेजारीच राहू दे."

दादा त्यानंतर पाच महिने जगला. त्या कागदामुळे मागच्या खोलीत पाण्याचा नळ आला, खिडकी उघडली, मोठा पंखा बसला. ओल्या दगडावरचा ओरखडा तिरक्या उजेडात दिसतो, हे तिथल्या दोघांनी आठवड्यात शोधून काढलं. आठवड्यात! बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

तो गेल्यावर दवाखान्याच्या खिडकीतून एक फॉर्म माझ्याकडे सरकवला गेला. पलीकडची मुलगी माझ्यासारखीच काटेकोर होती, म्हणाली, "सगळे रकाने भरा." आजार आनुवंशिक होता का? मी लिहिलं, नाही. खाली माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं विचारलं होतं. तिथे लिहिलं, सख्खी बहीण. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही नऊ वर्षांपूर्वी, बिस्किटांच्या बशीसमोर सांगता आलं असतं.