भावजींच्या हातची घोडी

भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, आमच्याकडे राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली. जाऊबाई गेल्या आणि भावजी एक पत्र्याची पेटी घेऊन दारात उभे राहिले. पेशा चाबूकस्वाराचा. ज्याच्या पाठीवर कधी कुणी बसलेलं नाही असं कोरं घोडं माणसाळवायचं, हे काम त्यांनी शर्यतीच्या तबेल्यात तीस वर्षं केलं. मग गुडघा गेला. तेव्हापासून ते गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेत असतात. तिथे मुलं शिकायला येतात, म्हणून घोडी तयार, शांत लागतात, आणि आजवर ती बाहेरून तयारच येत.

तांबडी नावाची घोडी तेवढी कोरी आली. तीन वर्षांची. भावजींनी तिला स्वतः तयार केलं आणि या वयात त्यांना जणू लेकच झाली. मी जपाला बसले की दारातून विचारायचे, "वहिनी, देवाचं आटोपलं असेल तर माणसाला चहा मिळेल का?" आणि चहा पिताना तांबडीचंच पुराण.

पण तांबडी उधळायची. चार पावलं नीट चालायची आणि मग चौखूर. गेल्या महिन्यात गावातल्या डॉक्टरांची मुलगी तिच्यावरून पडली, तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. शाळेच्या मालकांनी सांगितलं, "पंधरा दिवस देतो. सुधारली तर ठीक, नाहीतर घोडी इथून जाईल."

भावजींनी तिचे दात पाहिले, पाठ चाचपली, खोगीर बदललं, दाणा कमी केला. कशात काही नाही. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा कुंपणाशी उभं राहून पाहिलं. ते लगाम ओढत होते आणि ती अधिकच सुसाट सुटत होती. दमली तेव्हाच थांबली. भावजी उतरले तर ओठ फुटलेला. म्हणाले, "काय बघता, वहिनी? म्हातारा पडतो का तेच ना?"

"पडलात तर उचलायला आले होते," मी म्हटलं. हसले नाहीत.

आठव्या दिवशी दुपारी मी त्यांना लोकरीची लड हातांवर धरायला बसवलं. मी गुंडा करत होते. धागा जरा ओढला गेला की त्यांचे हात आपोआप मागे जात, लड ताठ होई. दोनदा धागा तुटला. मी वैतागून म्हटलं, "अहो भावजी, सैल धरा की! लोकर आहे, लगाम नव्हे."

ते हातांकडे बघत राहिले. लड तशीच मांडीवर ठेवून उठले, खिडकीशी गेले.

"काय झालं हो?"

"शर्यतीच्या घोड्याला आम्ही काय शिकवतो माहीत आहे? लगाम ताणला की त्यावर रेलायचं आणि पळायचं. ताण म्हणजे पळ. सैल सोडला की थांब. हिलाही माझ्या हातांनी तेच शिकवलं." मग वळून म्हणाले, "आणि घाबरलेलं पोर पहिलं काय करतं?"

"ओढतं."

"ओढतं. आणि तिला वाटतं, पळ म्हणतंय. वहिनी, ती उधळत नाही. ती माझं ऐकते."

आमचे हे पेपरामागून म्हणाले, "जित्याची खोड, दुसरं काय! घोडीला काही कळत नाही."

"घोडीची नाही रे दादा. माझी," भावजी म्हणाले. ह्यांनी पेपर खाली केला.

उरलेले दिवस भावजी सैल हातानं बसायचं ठरवून जात. मीही कुंपणाशी जाऊन बसे, तोंडानं नामस्मरण चालू. पन्नास पावलं ठीक जायची. मग तांबडी एखाद्या पाखराला बुजायची आणि भावजींचे हात त्यांना न विचारताच मागे यायचे. की सुटली. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर हात पालथे घालून बसत, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. "तीस वर्षं यांच्यावरच जेवलो," एकदा म्हणाले.

चौदाव्या दिवशी त्यांनी मालकांना सगळं सांगितलं. "चूक घोडीची नाही. मऊ हाताचं कुणी तीन महिने तिच्यावर बसलं तर ती विसरेल. मी नको."

"कोण बसणार?" मालक म्हणाले. "घोडी राखणारा मोतद्दार दोनदा पडलाय, तो हात जोडतो. डॉक्टरांना मी काय तोंड दाखवू?" माणूस वाईट नाही. त्यांचंही बरोबर होतं, हेच तर वाईट.

आज सकाळी मालकांनी विकलेल्या तांबडीला न्यायला घोडागाडीला घोडे जुंपणारा एक माणूस ट्रक घेऊन आला. भावजींनी मला सोबत नेलं. एकटं जाववलं नसतं. त्यांनी त्या माणसाला दोनदा समजावलं, "हिचा लगाम ओढू नका. ओढलात की पळेल. सैल सोडा, थांबते."

तो हसला. "काका, आम्ही काल नाही आलो या धंद्यात." आणि लगाम धरून त्यानं तिला ट्रकच्या फळीपाशी जोरात खेचलं. तांबडी एका झेपेत वर चढली.

"बघा!" तो म्हणाला. "किती शहाणी आहे. ओढलं की येते."

ट्रक वळून दिसेनासा झाल्यावर भावजी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मला म्हणाले, "तुमच्या देवाला काही सांगायचं असेल तर सांगा, वहिनी." घरी येऊन मी देवापुढे बसले. गाडीत माणसं बसणार, हाकणारा घाबरणार, ओढणार. त्या माणसांसाठी मागू, की तिच्यासाठी? की आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या भावजींसाठी? तासभर बसले. काही मागताच आलं नाही.