बायजाबाईच्या आलूखालची वाट

माझी चूक कुणी दाखवली की मला राग येतो, आणि चूक खरी निघाली तर जास्तच येतो. कृषी सहायक असताना ही वेळ माझ्यावर बायजाबाईने आणली.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, तेव्हा ती आणि तिचा नवरा गुलाब नव्या वस्तीत आले. वस्तीला लागून अर्धा एकर घेतला, आलू लावले. काढले तर जवळपास प्रत्येक आलूला भोक आणि आत माती. गुलाबचं मन तिथेच विटलं. "पुढच्या सालीबी असंच झालं तं नागपूरले बांधकामावर जाऊ," म्हणाला, आणि चादरीत कपडे बांधून गाठोडं खुंटीला टांगून ठेवलं. येता-जाता बायजाबाईला ते दिसायचं.

दुसऱ्या वर्षीही दिवाळीनंतर लावलेली झाडं महिन्याभरात माना टाकू लागली. तिने मला बोलावलं. मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावरूनच "उधई आहे, वाळवी" म्हणालो, औषध लिहून दिलं आणि निघालो. उकरून पाहायला दोन मिनिटंही लागली नसती.

आठ दिवसांनी ती झाडाखालचे किडे डब्यात घेऊन कार्यालयात आली.

"साहेब, उधई पांढरी रायते. हे लाल हाये. अन् इले डोयेच नाई वाट्टे."

मी चिडून भिंग काढलं. डोळे खरंच नव्हते. जमिनीखालून फौजेने फिरणाऱ्या त्या मुंग्या होत्या. त्यांच्याबद्दल मी परीक्षेपुरता एक परिच्छेद वाचला होता. उपाय काही आठवेना. लाज वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तिच्या शेतावर गेलो.

उपायाचं टोक तिनेच धरलं होतं. धुऱ्यावर जेवताना जवसाच्या तेलाचा हात तिने मातीला पुसला होता, आणि सकाळी नेमकी तीच माती खालून पोखरलेली दिसली. मग तिने फुटक्या गाडग्यांना भोकं पाडली, तेलात मळलेला धानाचा कोंडा भरला आणि वावरभर वीतभर खोल पुरली. शेजारची मंदाबाई हसायची, "बायजे, मुंग्याईले तेल पाजून राहिली काय? आमाले भजे तं खाऊ घाल!"

रोज सकाळी बायजाबाई गाडगी उघडून बघायची. ज्यात मुंग्या सापडतील तिथे तुरीची काडी रोवायची. आठवड्यात काड्या उभ्या राहिल्या त्या विखरून नाही, एका ओळीत. जुन्या उकिरड्यापासून निघालेली मुंग्यांची मोठी वाट धुऱ्याच्या कडेने मातीखालून जात होती, आणि तिला वावरात फाटे फुटले होते. फाट्याला खाणं लागलं की तासाभरात फौज हजर. खाणं संपलं की फाटा सोडायच्या, मोठी वाट मात्र सोडायच्या नाहीत.

बायजाबाईनेही सोडली नाही. भरलेलं गाडगं काढायचं, उकळत्या पाण्यात बुडवायचं, पुन्हा कोंडा भरून त्याच जागी ठेवायचं. लोखंडी सब्बलीने खणून वाट तोडली, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी वळसा घातला. तिने वळशावर गाडगं पुरलं. उकिरडा खणला, तर वाट आणखी खोल गेली. तिनेही खड्डा खोल केला. मी औषधांची नावं सांगत राहिलो, ती मान डोलवून पाणी तापवत राहिली.

गुलाब एकदा वैतागलाच. "किती दिवस करशीन हे?"

"ते थकतवर," ती म्हणाली. "पाण्यानं उठवलं तवा उठली मी. मुंग्याईनं नाई उठत."

दुसऱ्या दिवसापासून पाण्याची चूल गुलाबच पेटवू लागला. गाठोडं मात्र खुंटीवरून काढलं नाही.

फेब्रुवारीत आलू काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. धुऱ्याकडच्या पहिल्या दोन ओळी पोखरलेल्याच निघाल्या. गुलाबने फावडं टाकलं आणि खाली बसला. बायजाबाईने फावडं उचललं आणि तिसरी ओळ उकरली. आलू सगळे अखंड, गुळगुळीत. चौथीही तशीच. पाचवीला गुलाब उठला.

दुपारपर्यंत पोती संपली, ढीग उरलाच. बायजाबाई घरी गेली आणि चादर घेऊन आली. जमिनीवर पसरून तिच्यात आलू भरू लागली.

गुलाबने चादर ओळखली. "अन् माहे कपडे?"

"खाटेवर टाकले," ती म्हणाली. "ते टोक धरा, गाठ मारू."

त्याने टोक धरलं.