आतोबांची टांकसाळ

सरकारपेक्षा आपल्याला अधिक कळतं असं मानणारी माणसं आमच्या कुलाबा जिल्ह्यात पोत्यांनी मिळतील. पण नाणं कसं पाडावं हेही सरकारने आपल्याला विचारायला हवं होतं, असं मानणारा इसम सबंध जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या गळ्यात पडला. आमच्या आतोबांची श्रीवर्धनला सुपारीची बाग होती. बाग आत्या बघायची. आतोबा ओटीवर बसून जगातल्या पैशाची काळजी वाहायचे. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्याकडेच राहायला गेलो, त्यामुळे ही काळजी मला रोज संध्याकाळी ऐकावी लागे.

नोटेवर तर त्यांचा दातच होता. कोणी नोट पुढे केली की ते ती उजेडाकडे धरत, उलटीसुलटी करत आणि मेलेलं झुरळ उचलावं तशी दोन बोटांत धरून परत देत. "यात आहे काय? कागद आणि राजाचं तोंड! उद्या सगळ्यांनी मिळून चांदी मागितली तर हे देणार कुठून?" चांदीचा रुपयासुद्धा ते पायरीवर वाजवल्याशिवाय घेत नसत. माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीत भिक्षावळीत पडलेला एक रुपया त्यांनी भर मांडवात वाजवला, आणि तो बद्द वाजला तेव्हा देणाऱ्या गृहस्थांकडे अशा विजयी मुद्रेने पाहिलं की ते बिचारे पानावर बसलेच नाहीत. आत्या पुढे कितीतरी दिवस आतोबांशी बोलली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग मंदी आली. मुंबईत सुपारीचा भाव पडला. शहाण्यांनी मिळेल त्या भावाने माल गलबतावर चढवला. आतोबांनी तो माळ्यावर चढवला. पावसाळ्यात बंदर बंद झालं, मुंबईहून येणारं सगळंच थांबलं, आणि त्या साली गावात सुट्ट्या मोडीची इतकी टंचाई झाली की वाणी पैशाऐवजी हातावर गुळाचा खडा ठेवी. आतोबांना हर्ष झाला. त्यांनी कागदाचे तुकडे कापले, प्रत्येकावर 'मागताक्षणी वीस सुपाऱ्या' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली, आणि त्या चिठ्ठ्या मजुरीत, दुधात, हजामतीत देऊ लागले. नोटांना नावं ठेवण्यात हयात गेलेल्या माणसाने नोटा काढल्या! मी हे तोंडावर बोललो, तेव्हा म्हणाले, "मूर्खा, सरकारचा खजिना कुणी पाहिलाय? माझा माळा येऊन बघ." आणि गंमत अशी की लोक सुपारी न्यायला येईनातच. चिठ्ठी गवळ्याकडून वाण्याकडे, वाण्याकडून न्हाव्याकडे खुशाल फिरत राहिली. "काकांची सही हाय, बुडायची न्हाय," असं गवळी सांगत सुटला. गावात आतोबांच्या शब्दाला इतकी किंमत आली की ती त्यांच्या डोक्यात गेली.

त्यांचा हात सुटला. बागेचा दगडी गडगा बांधला, देवळाला देणगी दिली, सगळं चिठ्ठ्यांवर. माळ्यावर होत्या त्याच्या दुपटीने सुपाऱ्या गावात कागदावर फिरू लागल्या. आत्याने विचारलं, "अहो, सगळे एकदम आले तर?" "सगळे एकदम कधी येत नसतात," असं अर्थशास्त्र तिला ऐकावं लागलं.

सगळे एकदम आले. गणपती तोंडावर होते. पूजेला सुपारी, विड्याला सुपारी, आल्यागेल्याच्या तबकात सुपारी. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होती, फक्त आमच्या खजिनदारांना सुचली नव्हती. सकाळी ओटीसमोर रांग लागली. दुपारी माळ्याची फळी दिसू लागली, तशी बातमी फुटली आणि ज्यांना सुपारी नको होती तेही धावत आले. गवळी चिठ्ठ्यांचा जुडगा घेऊन पायरीशी उभा राहिला. "काका, सगल्या पावसाल्याचं दूध हाय माजं ह्यात. सुपारी हाय ना?" आतोबा खाली मान घालून बसले. खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आत्या मागच्या दाराने बाहेर पडली ती सुपारीच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि तिने हातातल्या पाटल्या उतरवून त्याच्यासमोर ठेवल्या. सोन्याचा भाव तेव्हा चढलेला होता. तासाभरात बैलगाडीतून पोती आली. तिने ती घरात नेऊ दिली नाहीत. ओटीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तोंडं उघडून ठेवायला लावली. "घ्या, ज्याला हवी त्याने सावकाश न्या," ती म्हणाली. पोती पाहून गवळ्याने जुडगा पुन्हा कनवटीला खोचला. "हाय ना? मंग ऱ्हाऊ दे. येवडी सुपारी घेऊन मी काय करू?" त्याच्या मागोमाग निम्मी रांग घरी गेली. आतोबांनी आत्याला काही विचारलं नाही. चिठ्ठ्या मात्र पुन्हा लिहिल्या नाहीत, आणि आत्याच्या हातात पाटल्या पुन्हा दिसल्या नाहीत.

पुढे काही वर्षांनी सरकारने नोटांचा कारभार पाहायला एक मोठी बँक काढली. आत्याला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आतोबांना जरा तोंड फुटेल, मग भांडता येईल, म्हणून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं: नोटा हीच बँक काढणार, आणि दुसरी एखादी बँक अडचणीत आली तर तिला हीच सावरणार. आतोबांनी नोटांना एक शब्द लावला नाही.

"आणि हिच्यावरच वेळ आली तर?" त्यांनी विचारलं. "हिला कोण आहे?"

"हिच्यामागे कोणी नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "जपून राहायला सांग तिला."