कोमट पाणी

सत्तरच्या दशकात घाटकोपरला मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचे. शेजारच्या वर्गात विज्ञानाच्या बाई. बोलणं तोडून, हसणं क्वचित. भाताच्या पेजेत आयोडीन टाकून त्या ती निळी करायच्या आणि खुशाल त्या काचेच्या नळीत थुंकायच्या.

"शी, बाई, उष्टं!" मुली ओरडायच्या.

"थुंकीतला विकर, म्हणजे एन्झाइम, पेजेतलं पिष्ट फोडतो. नाकं मुरडू नका, बघा." आणि निळा रंग उतरायचा.

तपासणीच्या दिवशी मात्र रंग काही उतरेना. शाळा तपासायला आलेले, पुढे बसलेले साहेब गालात हसले. मी दारात उभी होते. बाईंनी नळी ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात बोट घातलं आणि चटकन काढलं.

"माझी चूक, मुलींनो. पाणी कोमट हवं, मी कढत घेतलं. विकर मेला."

त्यांनी नवी पेज, कोमट पाणी घेतलं आणि नळी साहेबांपुढे धरली. "माझं तोंड कोरडं पडलंय. तुम्ही थुंका."

साहेब इकडेतिकडे बघून थुंकले. निळा रंग हळूहळू गेला. ही बाई आमच्या शाळेची, असं मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं.

"बघा गं," बाई म्हणाल्या, "साहेबांची थुंकीही आपल्यासारखीच."