हिरव्या पाण्यातल्या बायका

बायकोच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. दवाखान्याच्या बाकावर वेळ जाईना, म्हणून मी तिला मोबाइलवर एका जुन्या हस्तलिखितातलं चित्र दाखवलं. त्या पोथीची लिपी अजून कुणालाच लागलेली नाही. चित्रात हिरव्या पाण्याच्या कुंडात बायका उभ्या आहेत. कुणी न विचारता अर्थ सांगायची माझी जुनी खोड. "स्नानाचा सोहळा असणार," मी ठोकून दिलं.

"सोहळा कसला? हात बघा, एकमेकींना किती घट्ट धरलंय. घाबरल्यात हो त्या."

मी वाद घालणार, तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली आणि हळूच म्हणाली, "अहो, हात सोडा. लोक बघतायत."

कधी धरला होता, मलाच कळलं नव्हतं. "बघू देत," म्हणालो आणि तसाच आत गेलो.