मशीन चालू तोवर गेम

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठलेत. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी परत ढीग. पूर्वी आठवले की नुसतं हसू यायचं. हल्ली तसं नुसतं हसता येत नाही. तरी सांगतो. कुणाला तरी सांगायलाच पाहिजेत, राव.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. चाकणला एकाच कंपनीत, एकाच लाइनवर लागलेलो. दिलीप, म्हणजे आमचा दिल्या, राजगुरुनगरच्या पुढच्या एका वाडीचा. गायकवाड आकुर्डीचा, कामगाराचाच पोरगा. सावंत कोकणातला. आणि मी बाळू, बीडकडून आलेला. आता केस पिकले, कंपन्या बदलल्या. गायकवाड तर ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप सांभाळतो. पण व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव अजून 'सेकंड शिफ्ट'च आहे.

*

गायकवाडच्या थोरल्या भावाने अभ्यासासाठी कॉम्प्युटर घेतला, आणि त्यावर अभ्यास केला आम्ही. एका गेमचा.

गेम म्हणजे एक भलं मोठं भुयार. मजल्याखाली मजला, अंधारे बोळ, चालते सापळे, कुलूपबंद दारं. चार जणांची टोळी घेऊन उतरायचं आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर, शेवटच्या दारामागे जे काय बसलंय त्याला मारायचं. टोळीतल्या चौघांना आम्ही आमचीच नावं दिली होती. दिल्या चिलखत घालून सगळ्यात पुढे. गायकवाड वैद्य. सावंत कुलपं उघडणारा चोर. मी जादूगार, म्हणजे पहिल्या फटक्यात आडवा होणारा.

कुणी मेला की वरच्या देवळातला पुजारी त्याला परत उठवायचा. पण मढं खांद्यावर घेऊन सगळे मजले चढायचे, आणि त्यासाठी मिळालेला खजिना खाली टाकून द्यायचा. लोक काय करायचे, मेलेल्याला तिथंच सोडायचे आणि वरून नवा माणूस घ्यायचे. दिल्याला ते चालायचं नाही. त्याचा नियम एकच: "मानूस खाली सोडायचा न्हाई."

एका रविवारी गायकवाडच्या आईने स्वयंपाकघरातून ऐकलं, "अरे, दिल्या मेला. बघता काय, उचला त्याला." माउली हातात झारा घेऊन धावत बाहेर आली, चेहरा पांढराफटक. समोर दिल्या पोहे खात बसलेला.

"आई," तो म्हणाला, "मेलोय खरा. पन थोडी शेव हाय का?"

*

कंपनीत एकदा कँटीनच्या जेवणावरून वांधा झाला. डाळीत डाळ शोधावी लागायची. संप करायची कुणाची छाती नव्हती, तेव्हा दिल्याने आम्हाला गो स्लो शिकवला.

गो स्लो म्हणजे काम थांबवायचं नाही. काम इतकं नियमाने करायचं की ते पुढेच सरकू नये. पार्ट उचला, पुसा, माप बघायला गेज लावा, परत पुसा, परत गेज लावा, उजेडात धरून बघा. लाइन चालू, माणसं घामाघूम, आणि माल निम्मा. "एकच ध्यानात ठिवा," दिल्या सांगायचा, "हात थांबला की मानूस घावला."

मॅनेजर स्वतः येऊन दिल्याच्या मागे उभा राहिला. दिल्या मशीन बंद करून अदबीने म्हणाला, "साहेब, इथं चष्म्याबिगर उभं ऱ्हायचं न्हाई, सेफ्टीचा नियम हाय." साहेब चष्मा आणायला गेले. आले, तर हेल्मेट नव्हतं. हेल्मेट आणलं, तर बूट चुकीचे होते. शिफ्ट संपेपर्यंत साहेबांनीही आमच्याबरोबर गो स्लो केला.

पुढच्या आठवड्यात डाळ घट्ट झाली.

*

आता इथून पुढचे किस्से दवाखान्यातले आहेत. सांगतानाही जीव नको होतो.

दिल्याच्या किडन्या गेल्या, दोन्ही. वहिनींना स्वतःलाच शुगर, त्यामुळे त्यांची चालेना. प्रतीक्षा यादीत नाव घातलं, पण नंबर काही येत नाही. आठवड्यातून तीनदा चिंचवडच्या सेंटरला डायलिसिस: मंगळवार, गुरुवार, शनिवार. हातात सुया खुपसून चार तास पडायचं. सगळं रक्त मशीनमधून फिरून परत अंगात येतं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. असं वर्षभर चाललं, आणि एका गुरुवारी तो घरातून निघालाच नाही.

"चार तास छताकडं बघायचं, घरी यिऊन मेल्यावानी पडायचं, आन परवा परत त्येच," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "ह्याला जगनं म्हनत्यात व्हय? म्या न्हाई येनार."

मशीन बंद केलं तर थोडे दिवसच निघतील, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. आम्ही तिघं बाप्ये त्याच्या खाटेभोवती. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चूक आहे असं मला तेव्हाही छातीठोकपणे म्हणता आलं नसतं.

शेवटी आयडिया सावंतच्या डोक्यातून निघाली. त्याने नेटवर तोच जुना गेम शोधला आणि माझ्या लॅपटॉपवर टाकला. शनिवारी आम्ही तो दिल्यापुढे ठेवला. कर्रकर्र करत दगडी दार उघडलं आणि तो आवाज ऐकून दिल्या चक्क उठून बसला. मी लगेच झाकण बंद केलं. म्हटलं, हा फक्त सेंटरवर उघडणार. मशीन चालू तोवर गेम, मशीन बंद की गेम बंद.

"शेवटचं दार ऱ्हायलं व्हतं आपलं," तो म्हणाला. पूर्वी गायकवाडच्या भावाचा कॉम्प्युटर ऐन शेवटच्या मजल्यावर जळाला होता, हे तो विसरला नव्हता. गाडीत बसल्यावर मात्र त्याने बजावलं, "एवढं दार उघडलं की म्या मोकळा. मंग कुनी बोलवायला यायचं न्हाई. कबूल?"

आम्ही कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

*

आमचा हिशोब होता की गेम वर्षभर पुरेल. तोवर नंबर लागेल. पण दिल्याला सगळं पाठ. हा बोळ, तो सापळा, इथं खाली बघ. बघता बघता आम्ही निम्मं भुयार उतरलो.

आकुर्डी स्टेशनबाहेरच्या टपरीवर तातडीची मीटिंग झाली. गायकवाड चहाचा ग्लास तसाच धरून म्हणाला, "आपल्याला आयुष्यात एकच गोष्ट नीट येते. गो स्लो."

"अरे मेल्या," सावंत म्हणाला, "ज्याने शिकवला त्याच्यावरच?"

पण दुसरा इलाज नव्हता. दिल्याच्या एका हातात सुया, दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा, त्यामुळे हुकूम त्याचा आणि बटणं आम्ही दाबायची. सोबत एकालाच बसू देतात, म्हणून शिफ्टा लावल्या. मंगळवार माझा, गुरुवार गायकवाडचा, शनिवार सावंतचा. गायकवाड पुढे क्वालिटीत तपासणीला गेलेला माणूस, तो चोरदरवाजा शोधायच्या नावाखाली प्रत्येक भिंत ठोकून बघू लागला. सावंतला तेवढा धीर नाही. त्याने सरळ पाचव्या मजल्याची चावीच भुयारातल्या एका विहिरीत टाकली. शिफ्ट बदलताना देतात तसा ग्रुपवर हँडओव्हर आला, "चावी विहिरीत पडली आहे. पुढच्या शिफ्टने बघून घेणे."

मी सोपा मार्ग धरला. मी दर मंगळवारी मरायचो. सापळा दिसला की घाल बोट. नियमाप्रमाणे मला उचलून सगळे मजले वर, पुजाऱ्यापुढे, आणि परत खाली. त्यात सगळा आठवडा जायचा. मित्रासाठी मरणं म्हणतात ते इतकं स्वस्त पडेल असं वाटलं नव्हतं.

मग एका मंगळवारी दिल्या स्क्रीनकडे न बघता माझ्या बोटांकडे बघत होता.

"बाळ्या," तो म्हणाला, "हात थांबला तुझा."

मी घावलो होतो. त्याने मरण टाळणारी मंतरलेली अंगठी, जी एवढे दिवस गेममधल्या दिल्याच्या बोटात होती, ती माझ्या जादूगाराला घालायला लावली. "आता ह्यो मरायचा न्हाई," म्हणाला आणि डोळे मिटले.

*

शेजारच्या खाटेवर भोसले काका असायचे, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. त्यांना गेम कळायचा नाही, पण रस्ता दिसला की तोंड गप्प बसायचं नाही. "डावीकडं काढा. मागं जागा आहे, येऊ द्या, येऊ द्या." राक्षस समोर आला की म्हणायचे, "रिव्हर्स घ्या, मोठी गाडी आहे." दिल्या खदाखदा हसायचा. हसताना मशीन बीप करायचं आणि सिस्टर दोघांनाही ओरडायची.

एका मंगळवारी त्या खाटेवर दुसराच माणूस होता. मी सिस्टरला विचारलं. ती सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाली, "त्यांची वेळ बदललीय."

"व्हय," दिल्या म्हणाला. "बदलली."

मी लॅपटॉप उघडला. आमची टोळी एका वळणावर उभी होती. कुठे जायचं विचारलं, तर तो छताकडे बघत राहिला. चार तास चौघं तिथंच उभे राहिले. त्या दिवशी गो स्लो करायची गरज पडली नाही.

परत येताना गाडीत मला वाटलं, आम्ही काय करतोय हे? याला किडनी देता येत नाही, दुखणं वाटून घेता येत नाही. माणूस बुडतोय आणि आम्ही काठावर बसून त्याच्याशी पत्ते कुटतोय. गायकवाडला फोन करून हे बोललो. तो म्हणाला, "गुरुवारी माझी शिफ्ट आहे," आणि फोन ठेवला.

*

वहिनींनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. पण मी दिल्याला सोडायला गेलो की त्या चपला घालून जिन्यापर्यंत येतात आणि हळूच विचारतात, "भावजी, अजून किती मजले राहिलेत?"

"भरपूर आहेत, वहिनी."

गेल्या मंगळवारी त्यांनी परत विचारलं. मी परत भरपूर म्हणालो. त्या म्हणाल्या, "हे तर काल एकच म्हणाले." आणि मला चहा न विचारता आत गेल्या. तोवर त्या घरातून मी चहा न घेता कधी खाली उतरलो नव्हतो.

*

हा शेवटचा, या शनिवारचा.

शेवटचं दार समोर होतं. भिंती सगळ्या ठोकून झाल्या होत्या, चावी विहिरीतून निघाली होती, मी तर मरूच शकत नव्हतो. आम्ही तिघंही आलो होतो. सिस्टरने एकदा आमच्या तोंडांकडे बघितलं आणि तिघांनाही आत सोडलं. सावंतने रात्रभर जागून काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, पण आल्यापासून तो नुसती दिल्याची चादर सारखी करत होता.

"आज दार उघडायचं," दिल्या म्हणाला. आवाज अगदी साधा, डब्यात काय आहे विचारावं तसा. "पट्टा काढा म्हनावं ह्या हाताचा. आज बटनं म्या दाबनार. आन तुमी तिघं जाऊन च्या पिऊन या. सुतकी तोंडं घिऊन हितं उभं ऱ्हाऊ नका."

आम्ही खाली गेलो. चहा कुणी प्यायला नाही. गायकवाड म्हणाला, "आपण कबूल केलंय." सावंत रस्त्याकडे तोंड करून रडत होता. मला एवढंच दिसत होतं की वर जाऊन वहिनींना फोन मलाच करावा लागणार.

वर आलो तेव्हा मशीन चालू होतं. लॅपटॉप दिल्याच्या मांडीवर. शेवटचं दार सताड उघडं, आतला तो प्राणी तसाच बसलेला, जिवंत. गायकवाड, सावंत आणि मी दाराबाहेर धडधाकट उभे, कुणाला ओरखडासुद्धा नाही. आणि उंबऱ्यावर दिल्या मरून पडला होता.

मी वाकून नीट बघितलं. त्याचं चिलखत माझ्या जादूगाराच्या पिशवीत घडी घालून ठेवलं होतं. ढालही तिथंच, तलवारही.

मी दिल्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"बघताय काय?" तो म्हणाला. "उचला. सगळे मजले वर न्यायचाय. आन सिस्टरला सांगा, मंगळवारची मशीन माझी हाय."