कंपाची तक्रार

गल्लीत तिला सगळे फौजदारीणबाई म्हणायचे. नवरा काही पोलिसात नव्हता, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर होता. पण संशय घेण्यात या बाईचा हात कुणी धरला नसता. दूधवाला एखाद्या दिवशी जास्त गप्पा मारायला लागला, की ही आधी दूध बघायची. कुणी विनाकारण गोड बोललं, की मनात पाल चुकचुकलीच. बाई मनाने वाईट नव्हती हो. ज्याच्यावर जीव जास्त त्याच्यावर नजर जास्त, एवढंच. लेकीचा आवाज फोनवर जरा जड आला तरी हिचा पहिला प्रश्न ठरलेला, सर्दी झालीय की रडलीस?

पेंटरने उतारवयात नवी कोरी गाडी घेतली, तेव्हा शेजारीपाजारी कौतुक करत होते आणि ही वाकून चाकांमागे काय आहे ते बघत होती.

"इतकी चकाकतेय म्हणजे काहीतरी झाकलंय," ती म्हणाली.

"अगं, नवी आहे म्हणून चकाकतेय."

"रंग कशासाठी लावतात ते तुम्ही मला सांगू नका. जन्म गेला तुमच्या संसारात."

पेंटर हसला. पुढे काही आठवडे तो खुशीत होता. कारण नसताना गाडी काढायचा, शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर फिरवून आणायचा. मग हळूहळू त्याचं बोलणं कमी झालं. फिरून आला की चावी ठेवायचा आणि खुर्चीत बसून स्वतःच्या पंजांकडे बघत राहायचा. चहाचा कप एका हातात आणि पेपर दुसऱ्या हातात धरणारा माणूस आता कप दोन्ही हातांनी धरायला लागला. पेपर नुसता मांडीवर.

इथे काहीतरी पाणी मुरतंय हे बाईने ओळखलं.

एका दुपारी ती दारात येऊन थांबली आणि तिने पाहिलं, तर पेंटर खोलीच्या मधोमध उभा. हातात काठोकाठ भरलेला ग्लास, हात सरळ लांब केलेला, आणि डोळे पाण्यावर खिळलेले. तिची चाहूल लागताच त्याने ग्लास घटाघटा रिकामा केला.

"तहान लागली होती," तो म्हणाला.

सबंध संसारात ज्या माणसाने आपल्या हाताने पाणी घेतलं नाही, त्याला एकाएकी तहान लागली होती.

दुसरं म्हणजे बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली चपलांच्या दुकानाची पाटी. अक्षरं रंगवून झाली होती, फक्त खालची लांबलचक रेघ राहिली होती. ही रेघ म्हणजे पेंटरची शान. पट्टी नाही, दोरी नाही, ब्रश टेकवायचा आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणसं उभी राहून बघायची. आणि आता दुकानदाराचा निरोप आला की पेंटर सांगायचा, रंग ओला आहे अजून. बाईने बोट लावून पाहिलं. रंग खडखडीत वाळलेला.

तेव्हा तिला आठवले थोरले भाऊजी, पेंटरचे सख्खे भाऊ. नाक तेच, चाल तीच, खोकणंही तेच. त्यांचं दुखणं असंच सुरू झालं होतं, जेवताना चमचा ताटावर वाजायला लागला तेव्हापासून. पुढे शर्टाचं बटण लावायलाही माणूस लागायचं. कंपवात. तो शब्द या घरात त्यानंतर कुणी काढत नसे. पाट्यांवर आणि हातांवर जगलेल्या माणसाला तो शब्द म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती.

आणि नेमका तोच शब्द फोनवरून घरात आला. पेंटर आंघोळीला गेला होता. फोन वाजला, तिने उचलला. मुलीचा आवाज, मधाळ. तिथेच बाईचे कान टवकारले.

"सेंटरमधून बोलतेय. काकांची कंपाची तक्रार होती ना? पुन्हा एकदा तपासून घेऊ म्हणतायत. मागे दोनदा पाहिलं, पण काही सापडलं नव्हतं."

कुठे होतो कंप, तिने कसंबसं विचारलं.

"हाताला जाणवतो, असं काकांनी लिहिलंय. खरं तर इतक्या लवकर असं व्हायला नको."

म्हणजे दोनदा जाऊन आले, आणि आपल्याला ताकास तूर लागू दिली नाही. तिने लगेच लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, आई, पहिल्यांदा गाडीची चावी काढून घे. त्या हातांनी गाडी नको. बाईने चावी शिवणाच्या डब्यात रिळांखाली घातली आणि डब्यावर बसल्यासारखीच बसून राहिली.

पेंटर आंघोळ करून आला, खिसे चाचपले, खुंटी पाहिली, खाटेखाली वाकला.

"चावी शोधताय? सेंटरला जायचं असेल," ती म्हणाली.

पेंटर वाकलेलाच राहिला. मग सावकाश उठून खाटेवर बसला. तुला कुणी सांगितलं, त्याने विचारलं. फोन आला होता, ती म्हणाली, आणि दोनदा जाऊन आलात ते मला परक्यांकडून कळावं?

"सांगायचं काय? ते म्हणतात काही दोष नाही."

"मग डॉक्टर बदला."

पेंटरने तिच्याकडे पाहिलं. "गाडीला डॉक्टर?"

घोटाळा सगळा एका शब्दाचा. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला, की गाडीचा पुढचा भाग थरथरायचा आणि ती थरथर स्टेअरिंगमधून हातात यायची. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर बाकीची माणसं अशा वेळी व्हायब्रेशन लिहितात. पण हा पडला पाट्यांचा पेंटर. दोन अक्षरांत काम होत असेल तर जास्तीची कशाला रंगवा, ही जन्माची सवय. त्याने लिहिलं, कंप.

बाईला हसू यायच्या बेतात होतं. तिने देवाचं नाव घेऊन विचारलं, "म्हणजे कंप गाडीला आहे ना?"

पेंटरने दोन्ही पंजे मांडीवर उलटे करून पाहिले.

"तेच कळत नाहीये मला," तो म्हणाला. "गाडीला आहे की मला."

सेंटरच्या माणसांनी दोन्ही वेळा पुढची चाकं काढून वजनाला सारखी, म्हणजे बॅलन्स, करून दिली होती. त्यांच्या माणसाने गाडी चालवून पाहिली, काही नाही. याने चालवली, की पुन्हा थरथर. दुसऱ्या खेपेला मॅनेजरने खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, काका, तुमच्या हातांना काही त्रास वगैरे? तेव्हापासून पेंटरने ब्रश धरला नव्हता. रेघ वाकडी आली तर उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर त्याला नको होतं.

बाईने डबा उघडला, रिळं बाजूला केली आणि चावी काढली. पण त्याच्या हातात दिली नाही. मुठीत धरून म्हणाली, मी पण येते.

सेंटर थंडगार, काचांचं. मॅनेजर हसतमुख. काकू बसा, काकू कॉफी घ्या. झालं, बाईचा संशय दुप्पट. कॉफीला हात न लावता तिने सांगितलं, तुमचा माणूस गाडी फिरवून बघेल तेव्हा मी मागे बसणार. त्यांचा माणूस फाटकातून निघाला, कोपऱ्यापर्यंत गेला, इमारतीला वळसा घातला आणि परत आला. बाईचं नीट टेकूनही झालं नव्हतं.

"कुठे थरथरली, काकू?"

"थरथरते ती मोठ्या रस्त्यावर. तुम्ही गल्लीत काय शोधताय?"

मॅनेजर म्हणाला, नियम आहे, आमची माणसं एवढंच अंतर नेतात. दिवसाला गाड्या किती असतात बघा. मग तुम्ही शेजारी बसा, हे चालवतील, बाई म्हणाली. तो नाही म्हणण्याची वाट न बघता ती पुन्हा मागे जाऊन बसलीसुद्धा.

पेंटरने गाडी काढली. मानेवर घाम आलेला तिला मागून दिसत होता. मोठा रस्ता लागला, वेग वाढला, आणि सुरू झालं. आधी बारीक, मग मनगटापर्यंत. तेच ते. भाऊजींचे हात शेवटी असेच दिसायचे. तिला मान वळवून बाहेर बघावंसं वाटलं. पण संशयी माणसाला अर्धवट राहवत नाही.

"अहो, हात सोडा."

"काय?"

"रस्ता सरळ आहे, मागेपुढे कुणी नाही. क्षणभर सोडा म्हणते."

मॅनेजर काकू काकू करत राहिला. पेंटरने बोटं उघडली. पंजे स्टेअरिंगपासून जेमतेम सुटले आणि हवेत थांबले. खाली स्टेअरिंग एकटंच थरथरत होतं.

मॅनेजरने स्वतःचा हात पुढे करून स्टेअरिंगला लावला आणि काढून घेतला. फिरवा काका, तो हळूच म्हणाला, सेंटरला घ्या.

दोष निघाला पुढच्या टायरांत. विकली जाण्याआधी गाडी त्यांच्याच आवारात महिनोन्‌महिने एकाच जागी उभी होती, आणि खालून टायर बसके झाले होते. वजन कितीही सारखं करा, चाक गोल नसेल तर ते उड्या मारणारच. म्हणजे नवी म्हणून दिलीत ती उभी राहून राहून म्हातारी झालेली, बाई म्हणाली. मॅनेजरने मान खाली घातली आणि पुढचे दोन्ही टायर बदलून दिले.

परत निघाले तेव्हा गाडीत दोघंच. पेंटरने मोठा रस्ता टाळून आतल्या गल्ल्यांमधून गाडी घेतली. घर त्या बाजूने लांब पडतं हे दोघांनाही माहीत होतं. बाईला उमगलं. आतापर्यंत गाडीवर ढकलता येत होतं. यापुढे हात थरथरले तर ते त्याचेच.

"इथून डावीकडे घ्या," ती म्हणाली. डावीकडे मोठा रस्ता होता.

त्याने वळवली. वेग वाढत गेला. बाईने मुद्दाम खिडकीबाहेर तोंड केलं. जन्मात पहिल्यांदा तिने एखादी गोष्ट न बघायचं ठरवलं होतं.

"बघ की," तो म्हणाला.

"मी नाही बघणार. तुम्हीच सांगा."

"शांत आहे."

"गाडी की हात?"

"दोन्ही."

उत्तर जरा जास्तच पटकन आलं. ते तिला पटलं नाही. तिने वळून पाहिलं. हात स्टेअरिंगवर पडले होते, कामाचा कंटाळा आलेल्या माणसासारखे, हलायचं नाव नाही. तरी पुढच्या पुलापर्यंत तिने नजर काढली नाही, आणि पूल गेल्यावरही बराच वेळ ती बघतच राहिली.